दिसण्यापुरता पुरुष

एका रविवारी पाद्रीसाहेबांचे प्रवचन चालू असताना बायकांच्या बाजूला हशा पिकला. त्या हशाचा माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्याशी संबंध आला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

साहेब विलायतेचे. तमिळ ते मद्रासेत पुस्तकांवरून शिकले होते. व्याकरणात चूक सापडायची नाही, पण कुंभकोणमच्या बाजारात पडवळाचा भाव विचारू लागले की भाजीवालीला वाटायचे, कुणीतरी पुराण सांगायला बसला आहे. त्या रविवारचा विषय होता ख्रिस्ती माणसाची मर्दानगी. साहेब रंगात आले, समोरच्या लाकडावर मूठ आपटली आणि पुरुषांच्या चटयांकडे पाहून गरजले, "पुरुषराय् इरुंगळ्!"

पोथीतल्या तमिळमध्ये याचा अर्थ पुरुष व्हा, मर्दासारखे वागा. पण आमच्या गावच्या रस्त्यावर 'पुरुषन्' म्हणजे नवरा, दुसरे काही नाही. कोळीण मासळी विकताना म्हणते, माझा पुरुषन् ताडी पितो. तेव्हा बायकांनी ऐकले ते असे की, साहेब सगळ्यांना नवरे व्हायला सांगताहेत. एक म्हातारी पदराआडून म्हणाली, "ऎत्तनै पेरुक्कु?" म्हणजे, किती जणींचे? मग काय, हसू आवरेना.

मला ते कळायला जरा वेळ लागला. माझी घरची भाषा मराठी. आमच्यात पुरुष म्हणजे पुरुष, आणि नवऱ्याला बायका 'घरांतले' म्हणतात. अर्थ ध्यानात आला तेव्हा माझी मान तापली, कारण हसता हसता सगळ्या जणी माझ्याकडे पाहू लागल्या होत्या. त्या देवळात बायको हरवलेला पुरुष मी एकटाच होतो.

माझे आजोबा तंजावरच्या राजवाड्यात मोडी दप्तर सांभाळत. राज्य खालसा झाले, दप्तर बासनात गेले, आणि आमचे कुटुंब कुंभकोणमला आले. वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून झाले. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाय टाकला की तमिळ, असा आमचा शिरस्ता. मला इंग्रजी यावे म्हणून वडिलांनीच मिशनच्या शाळेत घातले. पुढे ते स्वतःच्या कपाळावर हात मारून हेच म्हणत, मीच घातले.

ख्रिस्ती मी का झालो, हे मला फार लोकांनी विचारले, आणि प्रत्येकाला मी निराळे उत्तर दिले. खरे कारण लहानसे आहे. पटकीच्या एका उन्हाळ्यात शाळेसमोर रस्ता झाडणारा एक माणूस मरून पडला होता. त्याच्याजवळ कुणी जाईना. साहेबांनी बांबू आणला, प्रेत चटईत गुंडाळून बांधले, एक टोक खांद्यावर घेतले आणि दुसरे टोक कोण धरतो म्हणून इकडेतिकडे पाहिले. मी खिडकीत उभा होतो. त्यांची नजर माझ्यावरून गेली. मी गेलो नाही. शेवटी माळ्याने दुसरे टोक उचलले. त्या दिवशी मला वाटले, पुरुष तो हा. आपण नव्हे. ती लाज मी तीन वर्षे बाळगली, आणि बावीस वर्षांचा असताना साहेबांकडून डोक्यावर पाणी घेतले.

घरी कुणाला विचारले नाही. पुरुषाने आपले आपण ठरवावे, असे साहेब म्हणायचे, आणि मला ते फार पटले होते.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा बायको स्वयंपाकघरात विळीवर कच्ची केळी चिरत होती. आमच्या घरी नांदायला येऊन तिला दोन वर्षे झाली होती. माझ्या ओल्या केसांकडे पाहून म्हणाली, "डोकं कशानं भिजलं? पाऊस तर नाही." मी सांगितले. शूराचा आव आणून सांगितले, हेही कबूल करतो. तिने विळी आडवी केली, हात धुतले आणि माजघरात जाऊन बसली.

पुढचे सगळे दोन दिवसांत झाले. वडिलांनी मला घराबाहेर काढले. तिचे वडील तिरुविसनल्लूरहून छकडा घेऊन आले आणि तिला माहेरी घेऊन गेले. मग माझ्या वडिलांनी माझ्या नावाने मातीची घागर भरली, दक्षिणेकडे तोंड केले आणि ती लाथेने उपडी केली. याला घटस्फोट म्हणतात. बाटलेला मुलगा मेला असे त्याने ठरते. मी समोरच्या ओट्याशी उभा राहून पाहत होतो. घागरीचे पाणी उंबऱ्यावरून खाली आले, पायऱ्या उतरले आणि गटारात गेले. वडील आत आंघोळीला गेले. त्यानंतर ते मला रस्त्यात अनेकदा भेटले, पण मेलेल्या माणसाशी बोलायचे काय?

मी मेलो, तेव्हा माझी बायको कोण झाली, असा प्रश्न तिच्या गावात निघाला. तिरुविसनल्लूरची वडीलधारी मंडळी म्हणाली, बापानेच घागर उपडी केली आहे, आता पोर विधवा. न्हाव्याला बोलवा आणि केस उतरवा. तिच्या वडिलांचा जीव होता तिच्यावर. ते म्हणाले, जावई परवाच काविरीच्या घाटावर धोतर पिळताना दिसला, मेला म्हणू कसा? एवढ्यावर ते अडून बसले. मंडळी म्हणाली, बरे, सरकार काय म्हणते ते पाहू.

सरकार मध्ये आले ते माझ्यामुळे. धर्म बदललेल्यांच्या लग्नांसाठी तेव्हा कायदा झाला होता. ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याने अर्ज करायचा, कोर्ट बायकोला विचारणार, जातेस का? नाही म्हणाली तर वर्षभर थांबायचे, मधे एकमेकांना भेटू द्यायचे, आणि मग पुन्हा विचारायचे. तरीही नाही म्हणाली, तर लग्न मोडले. दोघांनी दुसरी लग्ने खुशाल करावी, जणू पहिले जोडीदार मेले आहेत. साहेबांनी अर्ज स्वतः लिहून आणला. ते म्हणाले, "पुरुष असशील तर बायको मागून घे, नाहीतर मोकळी सोड. मधे लोंबकळू नकोस." मी सही केली. तेव्हाही तिला विचारले नाही.

कुंभकोणमच्या कोर्टात ती बांबूच्या तट्ट्याच्या आडोशाला बसली होती, शेजारी तिचा थोरला भाऊ. न्यायाधीश गोरे. त्यांचा प्रश्न दुभाष्याने तमिळमध्ये फिरवला, "इवर उन् पुरुषन् ताना?" हा तुझा नवरा ना? माझ्या डोक्यात अजून साहेबांची मूठ आपटत होती, म्हणून मला तो प्रश्न निराळाच ऐकू आला. हा पुरुष आहे का, असे कुणीतरी भर कोर्टात माझ्या बायकोला विचारत होते, आणि उत्तर काय येते म्हणून मी श्वास धरून उभा होतो.

तट्ट्याआडून आवाज आला, "आमां. वेरॆ यारु?" हो, दुसरा कोण?

कोर्टात लोक हसले. दुभाष्याने पुढे विचारले, मग यांच्याबरोबर राहायला जातेस?

"माट्टेन्." नाही जाणार.

एका श्वासात तिने मला नवरा म्हटले आणि नाकारलेही. न्यायाधीशांनी वर्षाची मुदत घातली.

त्या वर्षात आमची भेट एकदाच झाली. कोर्टाच्या मागच्या पडवीत, तिचा भाऊ दहा पावलांवर पाठ करून उभा. मी काय काय बोलायचे ते पाठ करून गेलो होतो. ती म्हणाली, "वाळून गेलांत. कोण रांधतें?"

"मीच," मी म्हणालो. "तू ये. तुझी पूजा, तुझं सोवळं, कशाला कुणी हात लावणार नाही."

"ते असूं दे. तुम्हीं मज विचारलांत काय?"

मी काखेतली छत्री दुसऱ्या काखेत घेतली.

"डोक्यावर पाणी ओतून घेऊन मग सांगटलांत. अगोदर विचारलां असतां तर."

"तर आली असतीस?"

"तें अत्तां कोण सांगील?" ती म्हणाली, आणि मग तिला एकदम राग आला. "आणि कशासाठीं गेलांत? गोऱ्यानं मढं उचललं म्हणून. आमच्या गांवच्या मठांत पूर्वीं एक थोर होते, त्यांनीं श्राद्धाचं अन्न उचलून भुकेल्या परजातीच्या माणसास वाढलं. गांवानं वाळीत टाकलं, तरी वाढलं. म्हणून तर आमच्या विहिरीस गंगा आली. त्यांस कोण्या पाद्रीनं शिकवलं होतं? तुम्हांस एवढ्यासाठीं समुद्रापलीकडचा माणूस कशास होवा?"

मी माझ्या प्रभूला सोडले नाही, सोडावेसे कधी वाटलेही नाही, पण सासुरवाडीच्या विहिरीवर जे होते ते मी पाहिले नव्हते, हे तिचे म्हणणे खरे होते. पाठ केलेले सगळे मी विसरून गेलो. आणि जन्मात पहिल्यांदा मी तिला विचारले, "मग मी काय करू? तू सांग."

तिने माझ्याकडे नीट पाहिले. चेष्टा करतो की काय, ते बघत असावी. मग हळूच म्हणाली, "दुसऱ्यांदा कोर्टांत येऊं नका. सरकारनंही तुम्हांस मेला म्हटलं तर अप्पांस बोलायास तोंड राहणार नाही. न्हावी येईल." बोलता बोलता तिचा हात अंबाड्यावर गेला. तिचे केस दाट होते, उगाच कमी सांगत नाही.

"नाही येणार. आणखी?"

"कार्तिकांत अवसेस आमच्या विहिरीवर न्हाण असतें. सगळा मुलूख लोटतो. त्या दिवशीं वाटेवर दिसा. दरवर्षीं."

"बोलायचं?"

"नक्को. दिसा. दिसलां की पुरे. चार लोकांनीं डोळ्यांनीं पाहिल्यावर मेला म्हणायास कोणाची जीभ उठायची नाही."

"किती वर्षं?"

"मी असे तोंवर." आणि ती हसली. लग्नानंतर मी तिला तशी दोन-तीनदाच हसताना पाहिली होती. "तोंवर मरूं नका."

भावाने खाकरून सांगितले की वेळ झाली.

तिने 'परत या' म्हटले नाही, हे मी पुष्कळ वर्षे घोळवत होतो. प्रायश्चित्त घेऊन परत गेलेले लोक होते. ती रडून म्हणाली असती तर मी काय केले असते, देव जाणे. पण तसा मी परत गेलो असतो, तर स्वतःच्या डोळ्यांना डोळा देऊ शकलो नसतो, हे तिने ओळखले असणार. मी तिला ओळखत होतो त्याहून ती मला जास्त ओळखत होती.

वर्ष झाले. कोर्टाच्या दिवशी मी शाळेत अपूर्णांक शिकवत बसलो. साहेब तणतणत आले. तोपर्यंत तिरुचिनापल्लीच्या मिशनमधली एक मुलगीही त्यांनी माझ्यासाठी मनात धरून ठेवली होती. सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाले, "म्हणजे तू धड तिचा नाहीस, धड मोकळा नाहीस. याला पुरुषपण म्हणत नाहीत. याला भित्रेपणा म्हणतात." मी म्हणालो, "होय साहेब." त्यांना वाटले होते की मी भांडेन.

पहिल्या वर्षी मी आजोबांचे लाल पागोटे काढले. वडिलांनी मला घालवले तेव्हा आईने ते खिडकीतून माझ्या पुढ्यात टाकले होते. लांबून ओळखू यावे म्हणून ते बांधले आणि पहाटे अडीच कोस चालत निघालो. कार्तिकात आमच्याकडे पाऊस असतो. दोन्ही अंगांना भात पाण्यात उभा, रस्त्याला चिखल, आणि त्या चिखलातून म्हातारे, बायका, कडेवर पोरे घेतलेल्या आया, सगळे विहिरीकडे चाललेले. गावाच्या अलीकडे वळणावर मोहाचे एक झाड आहे, तिच्या घराकडची वाट तिथूनच फुटते. त्याच्यापुढे जायचे नाही, असे मी ठरवले. मी तिथे उभा राहिलो.

ती न्हाऊन परत येताना दिसली. ओले लुगडे, काखेत पितळी कळशी, पुढेमागे गावातल्या बायका. एकीने मला ओळखले आणि नाकाला पदर लावला. दुसरी मोठ्याने म्हणाली, "तोच की. धडधाकट आहे." माझ्या बायकोने एकदाच माझ्याकडे पाहिले. ओल्या बोटाने कपाळावरचे कुंकू सारखे केले आणि पुढे गेली. दहा पावले चालायला लागतात तेवढ्यात सगळे आटोपले. जाऊन-येऊन पाच कोसांची चाल होती ती त्या दहा पावलांसाठी.

असे दरवर्षी. दिसण्यापुरता पुरुष म्हणा हवे तर. मी स्वतःला तसेच म्हणत असे, आणि हसत असे.

बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस काय केले, ते विचाराल तर सांगण्यासारखे काही नाही. देवळामागे एक खोली होती. सकाळी तांब्या घासायचा, भात शिजवायचा, शाळा, संध्याकाळी पलीकडच्या आळीतली पितळेची ठोकाठोक ऐकत बसायचे. मंडळीतले लोक भले होते. नाताळात जेवायला बोलवत. पण मला कुणाशेजारी बसवावे, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. बायका विचारत, मास्तर, अजून किती वाट पाहणार? मी वाट पाहत नव्हतो. ते त्यांना कसे सांगायचे?

सगळ्यांत जास्त कशाने खाल्ले असेल, तर मराठी बोलायला कुणी नसण्याने. प्रार्थना तमिळमध्ये, शिकवणे इंग्रजीत, भांडण तमिळमध्ये. साहेबांनी मुंबईहून मराठी धर्मपुस्तके मागवून दिली, पण ती मराठी आमची नव्हे. तिच्यात आमच्या अम्माच्या तोंडचा एक शब्द सापडेना. मग मी एकटाच बोलू लागलो. भाताला म्हणायचो, शिज की रे. छत्रीला म्हणायचो, कुठें गेलीस? कधी तिच्याशी बोलायचो. कार्तिकात भेटलो तर हे सांगेन, ते सांगेन, असे नीट वाक्य जुळवून ठेवायचो. आणि कार्तिकात बोलायचे नसे.

मुलींच्या शाळेत एक शिक्षिका होती. विधवा, हसतमुख. तिने एकदा लिंबाच्या लोणच्याची बरणी पाठवली. मी लोणचे खाल्ले, बरणी घासली आणि रिकामीच परत केली. रिकामी बरणी परत करू नये, तिच्यात चार फळे तरी घालावीत, ही रीत मला माहीत होती. तिलाही माहीत होती. पुन्हा काही आले नाही. मला ती आवडत होती, हे इथे लिहायला आता हरकत नाही.

आणि मी भित्रा झालो. खरोखर भित्रा. मरायचे नाही, असे कबूल केले होते ना! पाणी उकळल्याशिवाय पीत नसे. रोज सकाळी पहिले काम तेच, चूल पेटवून पाण्याचे पातेले चढवणे. काविरीला पूर आला की घाटाकडे फिरकत नसे. देवळाची घंटा अडकली तर शिडीवर दुसऱ्याला चढवत असे. पटकीच्या साथीत मी रोग्यांच्या घरी गेलो, ते जावेच लागे, पण हात इतके धूत असे की माणसे हसत. मंडळीत बोलले जाई की मास्तरांना मरणाची फार भीती. ख्रिस्ती माणसाला हे बोलणे फार लागते. आमचा सगळा धर्म मरण जिंकल्याच्या बातमीवर उभा, आणि मी ताकाच्या फुलपात्रात माशी पडली तर ताक फेकून देणारा! साहेब व्यासपीठावरून सांगत की पुरुषाने बायकोसाठी प्राण द्यावा. मी खाली बसून ऐकत असे. प्राण देणे सोपे नसणारच, पण ते एकदाच करायचे असते. मला रोज उठून जिवंत राहायचे होते, आणि त्यासाठी कुणी शाबासकी देत नाही.

एका वर्षी अवसेच्या आठ दिवस आधी हिवताप आला. आदल्या संध्याकाळी मला उभे राहवेना. साहेब बघायला आले. मी पागोटे उशाशी घेऊन पडलो होतो. "उद्या जायचे आहे," मी म्हणालो. त्यांनी कपाळाला हात लावून ताप पाहिला आणि ते गेले. पहाटे खोलीसमोर त्यांची स्वतःची बैलबंडी उभी होती, आणि आत गादी घातलेली. साहेब तोवर म्हातारे झाले होते. त्यांची मडम देवळाच्या आवारातच पुरलेली होती.

मोहाच्या झाडाखाली त्यांनी मला बंडीतून उतरवले आणि मागून काखेत हात घालून धरले. माझे दात वाजत होते. मी हललो की ते कानाशी म्हणत, "इरु, इरु." इरु म्हणजे थांब, राहा. आणि इरु म्हणजे हो, अस, हेही तेच. तापात माझ्या डोक्यात त्यांचे ते जुने प्रवचन फिरू लागले. पुरुषनाय् इरु. पुरुष हो. नवरा म्हणून राहा. म्हातारीला हसू आले होते ते बरोबरच होते, आणि साहेबांचे तमिळही बरोबर होते. मी एवढी वर्षे ते वाक्य अर्धेच ऐकत आलो होतो.

ती आली. मला असा धरलेला पाहून थबकली. मागची बाई तिच्यावर आदळली. तिने कुंकवाला बोट लावले, पण पाऊल उचलीना. मी मान ताठ केली, जमेल तेवढी. मग ती गेली.

परत येताना साहेबांनी विचारले, "काही म्हणाली?"

"नाही."

"इतक्या वर्षांत?"

"नाही."

नदी येईपर्यंत ते बाहेर पाहत होते. मग म्हणाले, "मीही रोज सकाळी कबरीवर जातो. कायद्याने मीही मोकळाच होतो." भित्रा हा शब्द त्यांनी त्यानंतर माझ्यासाठी वापरला नाही. दोन वर्षांनी तेही त्या आवारात मडमेशेजारी गेले. त्या दिवशी बांबूचे एक टोक माझ्या खांद्यावर होते.

पुढची वर्षे भरभर गेली. मोहाच्या झाडाची एक फांदी वादळात पडली. विहिरीकडे जाणारे लोक बदलले. नाकाला पदर लावणाऱ्या बायका एकेक करून नाहीशा झाल्या, आणि नव्या सुनांना मी कोण, ते ठाऊकही नव्हते. पण ती येत असे. केस करडे झाले, मग पांढरे. ओला अंबाडा लहान लहान होत सुपारीएवढा राहिला, पण होता. दरवर्षी मी आधी तोच बघत असे. गेल्या कार्तिकात ती भावाचा हात धरून आली. कुंकवाला बोट लावायला गेली ते कानशिलावर लागले, मग हसून पुन्हा लावले.

आषाढात एका दुपारी मी वर्गात असताना शाळेच्या फाटकाशी काठी टेकत कुणी उभे राहिले. तिचा भाऊ. कोर्टाच्या पडवीत पाठ करून उभा राहिला होता, त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. मी बाहेर गेलो.

"भावजी," तो म्हणाला.

त्या हाकेनेच मला कळले. इतक्या वर्षांत मला नात्याने कुणी हाक मारली नव्हती.

"आमची गेली. तेरा दिवस झाले. सवाशीण गेली. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. गांवांतला एक माणूस आड आला नाही."

मी फाटकाचा गज धरून उभा राहिलो. शेवटी म्हणालो, "कांहीं सांगटली?"

तो खाली पाहू लागला. "सांगटली. बोलूं नये असं आहे. तापांत होती, मनास लावून घेऊं नका."

"सांगा."

"म्हणाली, त्यांस सांग, अत्तां मेलां तरी चालतें."

मला हसू आले. तो बिचारा घाबरला. मग ते हसू राहिले नाही, आणि मी फाटकावर डोके टेकून भर दुपारी, वर्गातली मुले बघत असताना, मोठ्याने रडलो. पुरुषाने रडू नये, असे साहेब सांगत. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मला शिवल्यामुळे घरी जाऊन त्याला आंघोळ करावी लागली असेल.

मी त्याला ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावले. त्याने म्हटले. मग तो काठी टेकत वळणापर्यंत गेला, तोवर मी पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, चूल पेटवली, पाण्याचे पातेले चढवले. मग आठवले, आणि चूल विझवली.